दाब म्हणावं त्याला

“दाब म्हण त्याला,” पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसलेला माझा थोरला भाऊ आईला म्हणाला.

“दाब रं,” आई मला म्हणाली.

मी ब्रेकवर पाय दिला. पेडल कुठंही न अडखळता तळाला जाऊन टेकलं. “दाबलाय म्हणावं.”

“दाबलाय म्हणतोय.”

“धरून ठेव म्हण. मगासारखा मधीच सोडू नको म्हणावं.”

मगासारखा! मी सोडलाच नव्हता. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणतात ते काय असतं, हे तळपाय ब्रेकवर दाबून धरलेल्या माणसाला विचारावं. पण दादाला काही बोलायची सोय नव्हती. बोललो असतो तर मी हरलो असतो.

आई बॉनेटसमोर पालथ्या बादलीवर बसली होती. माशा वारायला हातात वर्तमानपत्राची घडी. तिला धड दिसत नव्हतं, पण ऐकू तिघांनाही ठणठणीत येत होतं. गाडीच्या काचा खाली होत्या, दारं सताड उघडी होती, माझ्यात आणि दादात जेमतेम पाच फुटांचं अंतर. त्यानं आईला सांगितलेलं मला तेव्हाच कळत होतं. तरी ती सांगेपर्यंत मी पाय हलवत नव्हतो, आणि मी सांगितलेलं तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय तो पाना फिरवत नव्हता. दीड वर्ष आम्ही एकमेकांशी अक्षर बोललो नव्हतो. त्या रविवारीही बोलायचं नाही, हे दोघांनी आपापल्या मनाशी पक्कं केलं होतं.

काम मात्र असं होतं की ते एकट्यानं होत नाही. गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांचे कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे लोखंडी चिमटे, बदलले की ब्रेक ऑइलच्या नळीत हवा शिरते. हवा असली की पेडल नुसतं मऊ लागतं, गाडी थांबत नाही. ती काढायची तर एकानं ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्यानं चाकापाशी बसून कॅलिपरचं छोटं निपल, म्हणजे हवा सोडायची तोटी, पान्यानं ढिलं करायचं. ऑइलबरोबर हवेचे बुडबुडे नळीतून बाटलीत येतात. मग निपल घट्ट करायचं, आणि ते घट्ट झालं असं सांगितल्यावरच वरच्यानं पाय उचलायचा. आधी उचलला तर गेलेली हवा परत आत. दाबणाऱ्याला चाक दिसत नाही, चाकापाशी बसलेल्याला पाय दिसत नाही. नुसत्या शब्दावर काम चालतं.

आणि आमचे शब्द आईकडून फिरून येत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत आईला आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीला ऑपरेशनसाठी न्यायचं होतं. डावा डोळा आधीच अधू, आणि उजव्याचा मोतीबिंदू पार पिकला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता उशीर केलात तर डोळा हातचा जाईल. याआधीची तारीख आमच्यामुळेच चुकली होती. मला वाटलं दादा नेईल, त्याला वाटलं मी पुण्याहून येईन, आणि आई आपली नेसून, पिशवी भरून दुपारपर्यंत ओट्यावर बसून राहिली. तिनं तेव्हा कुणाला काही म्हटलं नाही. डोळ्याला पट्टी बांधून तिला परत एसटीच्या धक्क्यात आणायचं नाही, एवढं एकच आम्हा दोघांना मान्य होतं. म्हणून आण्णांची गाडी काढायची ठरली.

आण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांची ही पांढरी गाडी दीड वर्ष अंगणात चिंचेखाली उभी होती. दादा ती चालवत नव्हता, कारण ती मी ठेवून गेलो होतो. मी नेत नव्हतो, कारण मग चावी मागावी लागली असती. उभ्याउभ्या कॅलिपर गंजून जाम झाले. आजऱ्यातला ओळखीचा मेकॅनिक जत्रेला गावी गेलेला, वहिनीही पोरांना घेऊन माहेरी. मी कोल्हापुरातून दोन नवे कॅलिपर घेऊन शनिवारी संध्याकाळी आलो आणि पिशवी ओट्यावर ठेवली. रविवारी सकाळी उठून बघतो तर दादानं गाडी जॅकवर घेऊन खाली विटा, ओंडके लावलेले, पिशवीतला एक कॅलिपर उचललेला आणि डाव्या चाकाला भिडलेला. ‘उठलास का’ नाही, ‘चहा घे’ नाही. मी उरलेला कॅलिपर उचलला आणि उजव्या चाकाला बसलो. दोन तास गाडीच्या दोन बाजूंना आम्ही आपापले पाने खटखटवत होतो. माझा जुना कॅलिपर निघाला तसा मी तो मागं चिंचेच्या बुंध्याकडं भिरकावून दिला.

दादा साखर कारखान्यात फिटर. मी पुण्यात एका कंपनीत यंत्रांची ड्रॉइंग करणारा इंजिनियर. त्याला वाटायचं मला हातानं काही करता येत नाही, मला वाटायचं त्याला हातापलीकडं काही कळत नाही.

अकरा वाजले. बारा वाजले. उजवं चाक झालं, डावं झालं, परत उजवं. जागा बदलताना तो गाडीच्या पुढून यायचा आणि मी मागून जायचो, वाटेत गाठ पडायला नको म्हणून. ऑइलचा एक डबा संपला, दुसरा फोडला. पेडल तसंच मऊ. आता मी उजव्या चाकापाशी होतो आणि दादा ड्रायव्हरच्या सीटवर. पत्र्याच्या आड त्याची चप्पल माझ्या तोंडापासून दोन हातांवर होती.

“आई, सोड म्हण त्याला.”

“सोड रं महिपती.”

“ह्यानं पाना फिरवायच्या आधीच सोड म्हटलं,” दादा आईला म्हणाला. “हवा आत गेली असणार.”

“आई, त्याला म्हणावं मी घट्ट केल्यावरच बोललोय. त्यालाच पाय टेकवून बसवत न्हाई.”

“ह्याला म्हणावं, कारखान्यात टर्बाइन खोलून जोडतोय मी. मला ब्रेक दाबायला शिकवू नको. पुण्यात पंख्याखाली बसून कागदावर रेघा मारणं वेगळं.”

“त्याला म्हणावं, त्या रेघा बघूनच टर्बाइन जोडत्यात.”

“काय काय म्हणू रं मी?” आई म्हणाली. “सकाळधरनं माझ्या घशाला कोरड पडली. जरा पाणी तरी आणून द्या कुणीतरी.”

दोघंही जागचे हललो नाही. तो उठला तर मी उठणार नव्हतो आणि मी उठलो तर तो जिंकणार होता. आई स्वतःच चाचपडत उठली, भिंतीला हात लावत आत गेली, पाणी पिऊन तशीच आली आणि बादलीवर बसली. आज हे लिहिताना मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

दीड वाजता दादानं पेडल तीन-चारदा भराभरा दाबून बघितलं आणि गाडीतून उतरला.

“आई, ह्याला म्हणावं राहू दे आता. तीन-चारदा पंप मारलं की थोडा थोडा लागतोय ब्रेक. चाकं चढवतो. उद्या मी नेतो तुला अशीच, हळूहळू.”

आई बोलायच्या आत माझ्या तोंडाचं कुलूप फुटलं. दीड वर्षांनी पहिल्यांदा मी सरळ त्याच्याकडं बघून बोललो, आणि ते हे बोललो:

“आंबोलीचा घाट पंप मारत उतरणार तू? आईला मागं बसवून? डोकं ठिकाणावर हाय का तुझं?”

“मग आणि काय करू?” तोही सरळ माझ्यावरच आला. “ही बी तारीख घालवू? डोळा जाऊ दे म्हणतोस?”

“नीट दाबून धरला असतास तर ही वेळ आली नसती. पण तुला थांबायचं कुठं माहितीय! दोन सेकंद पाय धरून थांबवत न्हाई तुला. आण्णांच्या वक्ताला दीड तास थांबला न्हाईस, आज काय थांबणार!”

ते शब्द दीड वर्ष माझ्या घशात होते. आण्णा गेले त्या पहाटे दादाचा फोन आला तेव्हा हीच गाडी माझ्याकडं पुण्याला होती. मी अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो. साडेदहाला कागलच्या पुढं एका टपरीवर थांबून फोन लावला. दादा म्हणाला, “झालं सगळं. सावकाश ये.” आणि फोन ठेवला. बाराच्या सुमाराला मी पोचलो तेव्हा स्मशानात नुसती धग होती. बापाचं तोंड मला दिसलं नाही. तेराव्याला मी चावी आईच्या हातात ठेवली, एसटी धरली, आणि त्याच्यापुरतं माझं तोंड मिटलं.

दादाचा चेहरा काळाठिक्कर पडला. हातातलं फडकं त्यानं बॉनेटवर आपटलं. मला वाटलं आता हातघाईवर येणार, आणि खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. पण तो माझ्याकडं बघतच नव्हता. आईकडं बघत होता.

“आई, तू आत जा.”

“मी न्हाई जाणार.”

“आत जा म्हणतोय न्हवं!”

“न्हाई जाणार म्हटलं की.” आई बादलीवरनं उठली. वर्तमानपत्राची घडी तिनं खाली टाकली आणि माझ्या आवाजाच्या दिशेनं वळली. “सर्जेराव, इकडं बघ. मला तुझं तोंड दिसत न्हाई, तू तरी माझं बघ. मी सांगितलं हुतं त्याला, थांबू नको म्हणून. मी.”

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणते ते.

“आण्णा जायच्या आधी त्यांच्या छातीत दुखलं तवा कसा आलतास? पाच तासांत. उत्तूरच्या पुलाच्या कठड्याला गाडी घासून आलतास आणि दारातनंच मला सांगितलंस, पाच तासांत आलो म्हणून. आण्णा खाटंवर पडल्यापडल्या गाडीच्या दारावरची ती ओरखड्याची रेघ बघत बसलं हुतं. ते गेलं त्या दिवशी सकाळी मी ह्याला म्हटलं, बापासाठी थांबल्यात म्हटल्यावर ते पोरगं डोळं पुसत गाडी पळवंल. एक गेला, दुसरा मला वाटंवर जायला नको. त्याला सांग, झालं म्हणून. सावकाश ये म्हणून.”

“झालं नव्हतं तेव्हा?”

“म्या म्हटलं नुसतं सांग. तर ह्यो म्हणाला, बाप दारात असताना भावाला खोटं कसं सांगू? माझ्यानं व्हायचं न्हाई. मग उरकलंच आधी, आणि तुझा फोन आला तवा खरं ते सांगितलं.”

दादा तोंड फिरवून चिंचेकडं बघत उभा होता.

“मग सांगितलं का न्हाई मला? दीड वर्ष!” माझा आवाज चिरकला. “एकानं तरी सांगायचं!”

“तेराव्यालाच सांगणार हुते. ह्यानं अडवलं. म्हणाला, आईनं बापाचं तोंड बघू दिलं न्हाई असं त्याच्या डोक्यात जन्मभर राहील, त्यापरीस माझ्यावर राहू दे त्याचा राग. आणि मला बी तेच बरं वाटलं. तुझा राग माझ्यावर नको हुता मला. खोटं कशाला सांगू?” आता आईच संतापली होती. “पण मला वाटलं, चार म्हैन्यांत इचारशील त्याला. भाऊ हाय, एकदा तरी म्हणशील, का रं असं केलंस? तू इचारलं न्हाईस. त्यानं सांगितलं न्हाई. आणि मी आपली दोघांच्या मधी बसून, दाब म्हणतोय, सोड म्हणतोय!”

मला वाटलं होतं, खरं कळल्यावर माणसाचा राग उतरत असेल. माझा चढला. दीड वर्ष ज्याच्यावर तो जपून ठेवला होता तो माणूस सुटला होता, आणि आता तो राग टाकायला जागा नव्हती. आईवर टाकता येईना. दादावर तर आता त्याहूनही येईना, कारण तो मोठा ठरला होता आणि मला न विचारता ठरला होता. मी तरातरा चिंचेकडं गेलो. बुंध्यापाशी माझा जुना कॅलिपर पडला होता. तो उचलला, कुंपणापलीकडं भिरकावायला हात वर नेला, आणि अंगठ्याखाली काहीतरी मऊ लागलं.

निपलवरची रबरी टोपी होती.

मी हात खाली घेतला. कॅलिपर चाकावर जसा बसतो तसा धरून बघितला. नळी इथं, बोल्ट इथं. निपल वर, अगदी माथ्याला. तसाच तो हातात धरून मी गाडीकडं आलो आणि उजव्या चाकापाशी वाकलो. नव्या कॅलिपरचं निपल खाली होतं. पलीकडं गेलो. डाव्याचंही खाली.

हवा वर चढते. हे कळायला इंजिनियर लागत नाही आणि फिटरही लागत नाही. निपल खाली असल्यावर ऑइल तेवढं बाहेर येणार, हवा वरच्या अंगाला तशीच बसून राहणार. आम्ही सकाळपासून दोन डबे ऑइल बाटलीत ओतून एकमेकांच्या पायाला आणि हाताला शिव्या देत होतो. उजव्या बाजूचा कॅलिपर दादानं डाव्या चाकाला लावला होता, आणि उरलेला डावा मी उजव्याला.

हे सांगायचं तर त्याला हाक मारावी लागणार होती. आईला मी काय सांगणार होतो, आणि कोणत्या तोंडानं?

“दादा,” मी म्हणालो. “निपल खाली हाय.”

त्यानं मान वळवली. मी हातातला जुना कॅलिपर दाखवला. तो आला, चाकापाशी बसला, नव्यावरून बोट फिरवलं. अंगठ्यानं धूळ पुसली तसं ओतीव लोखंडावरचं अक्षर दिसलं. डाव्या चाकाला उजव्याचं अक्षर.

“बसवताना नळीला पीळ पडला तवाच मला वाटलं हुतं,” तो म्हणाला. “कायतरी उलटं हाय म्हणून.”

“मला बी.”

“मग बोलला का न्हाईस?”

“तू का न्हाई बोललास?”

त्यानं पाना उचलला आणि माझ्या हातात दिला, फेकला नाही. मी आत जाऊन आईला तांब्याभर पाणी आणलं. तिला तहान नव्हती. तरी तिनं ते घेतलं.

दोन्ही कॅलिपर काढून अदलाबदल करायला पाऊण तास लागला. कामापुरतं बोललो. ‘तो बोल्ट दे.’ ‘एवढा नको आवळू.’ लागट काही नाही, गोडही काही नाही. मग मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो, दादा डाव्या चाकापाशी बसला, आणि सवयीनं म्हणाला, “आई, दाब म्हण त्याला.”

“मी कुणाला काय म्हणणार न्हाई,” आई बादलीवरून म्हणाली. “तोंडं हाईत न्हवं तुमची?”

दादानं पाना निपलवर बसवला.

“दाब,” दादा म्हणाला.

“दाबला.”

“धर.”

“धरलाय.”

नळीतून फुसफुस आवाज आला. बाटलीत बुडबुडे फुटताना मला सीटवर ऐकू येत होते. इतके आले की दादानं “आयला” म्हटलं. मग पान्याचा खट् आवाज.

“सोड.”

पाचव्या-सहाव्या खेपेला पेडल माझ्या पायाला अडलं. दगडावर पाय ठेवावा तसं.

दुसऱ्या दिवशी सहाला निघालो. गाडी मी चालवत होतो, दादा शेजारी, आई मागं. घाटात धुकं होतं. मला राग येतच होता. प्रत्येक वळणाला येत होता. कधी आईचा, कधी त्याचा, बराचसा माझाच. पण प्रत्येक वळणाला ब्रेक लागत होता आणि गाडी हवी तिथं हळू होत होती. अर्धा घाट उतरल्यावर दादा खिडकीबाहेर बघत म्हणाला, “चांगली चालवतोस की.” मी गिअर बदलला. आईचा डोळा वाचला.

त्यानंतर आमच्यात गळाभेट वगैरे काही झाली नाही. भांडलो मात्र पुष्कळ. कौलांवरून, बांधावरून, त्याच्या पोराच्या कॉलेजवरून, आणि सगळी भांडणं समोरासमोर. आई आत बसून ऐकायची आणि आवाज फार चढला तर बाहेर येऊन दोघांनाही झापायची.

आई गेली त्याला आता सहा वर्षं झाली. तेव्हाही मी पुण्यातच होतो. दादाचा फोन पहाटेच आला.

“आई गेली,” तो म्हणाला. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, “थांबलोय आम्ही. सावकाश ये.”

मला आठ तास लागले. पोचलो तेव्हा दुपार कलायला लागली होती. लोक कंटाळून सावलीला गेले होते, भटजी दोनदा घड्याळ दाखवून गेले होते असं नंतर कुणीतरी म्हणालं. आईला ओट्यावर ठेवलं होतं, तोंडावरचं कापड काढून. आणि तिच्या उशाशी माशा वारत, हातात वर्तमानपत्राची घडी घेऊन, दादा पालथ्या बादलीवर बसला होता.